कोणता ‘नेपोलियन’ पाहिला?



७ एप्रिल १९२७ रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात, पाले गार्निएमध्ये, एका मूकपटाचा पहिला खेळ झाला. चित्रपट ‘नेपोलियन’, दिग्दर्शक आबेल गान्स. पडद्यासमोर वाद्यवृंद होता, संगीताची जबाबदारी आर्थर होनेगरकडे होती. शेवटच्या भागात मधल्या पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना आणखी दोन पडदे उघडले आणि चित्र एकाएकी तिप्पट रुंद झालं. प्रेक्षक भारावून गेले. पुढच्याच महिन्यात त्याच पॅरिसमध्ये, अपोलो थिएटरात, वार्ताहर आणि वितरक यांच्यासाठी याच नावाचा चित्रपट दाखवला गेला. तो नऊ तासांहून मोठा होता, दोन दिवसांत विभागून दाखवावा लागला आणि त्यात तीन पडद्यांचा भाग नव्हताच. १९२९ मध्ये अमेरिकेत जो ‘नेपोलियन’ लागला, तो दोन तासांच्याही आत आटोपत होता.

या तिन्ही ठिकाणच्या लोकांनी दिलेली मतं इतिहासाच्या पुस्तकांत एकाच चित्रपटाच्या खात्यावर जमा झाली आहेत. कुणी म्हटलं भव्य, कुणी म्हटलं कंटाळवाणा, कुणी म्हटलं धोकादायक. माझं आजचं म्हणणं साधं आहे. चित्रपट लोकांना आवडला की नाही, हा प्रश्न विचारण्याआधी त्यांच्यापुढं नक्की काय ठेवलं होतं हे विचारायला हवं. ‘नेपोलियन’च्या बाबतीत हा प्रश्न विचारायला जगानं जवळजवळ पन्नास वर्षं घेतली आणि त्याचं उत्तर अजूनही पूर्ण मिळालेलं नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे, त्यांचा आग्रह असे की कलाकृतीवर मत देण्यापूर्वी ती समोर मांडावी. म्हणून आधी चित्रपटाकडे जाऊ.

आबेल गान्सचा जन्म १८८९ चा, पॅरिसमधला. पहिलं महायुद्ध संपता संपता त्यानं ‘जाक्यूज’ केला, ‘मी आरोप करतो’ म्हणणारा, युद्धात मेलेल्यांना उठवून जिवंतांच्या दारात उभं करणारा चित्रपट. मग रेल्वे कामगाराच्या आयुष्यावरचा ‘ला रू’ आला, १९२३ मध्ये. त्यात इंजिनाचा वेग दाखवण्यासाठी त्यानं दृश्यं इतकी छोटी कापली की काही तुकडे एकेका चौकटीचे उरले. सोव्हिएत दिग्दर्शकांची जलद संकलनाची पद्धत जगभर गाजण्याआधीची ही गोष्ट आहे. मध्ये तो अमेरिकेलाही जाऊन आला होता आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथला भेटला होता. एका माणसाच्या आयुष्यावर एक चित्रपट पुरणार नाही, सहा लागतील, असं त्यानं ठरवलं. नेपोलियनच्या बालपणापासून सेंट हेलेनावरच्या मृत्यूपर्यंत सहा चित्रपट. आपण आज ज्याला ‘नेपोलियन’ म्हणतो, तो त्या सहांपैकी फक्त पहिला आहे. तोही इटलीच्या स्वारीच्या उंबरठ्यावर, १७९६ मध्ये थांबतो. राज्याभिषेक नाही, ऑस्टर्लिट्झ नाही, रशियाचा बर्फ नाही, वॉटर्लू नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप इथूनच निघतो.

पैशांची कथा थोडक्यात सांगतो. भांडवल उभं राहिलं ते व्लादिमीर वेंगेरोफ हा रशियन निर्वासित आणि ह्यूगो स्टिनेस हा जर्मन उद्योगपती यांच्या जोरावर. फ्रान्सच्या राष्ट्रपुरुषावरच्या चित्रपटाला जर्मनीचा पैसा, आणि तोही महायुद्ध संपून जेमतेम सहा-सात वर्षं झालेली असताना! स्टिनेस १९२४ मध्येच वारला. चित्रीकरण जानेवारी १९२५ मध्ये पॅरिसलगतच्या बियाँकूर स्टुडिओत सुरू झालं. त्याच वर्षी स्टिनेसचा उद्योगसमूह कोसळला आणि जूनमध्ये काम ठप्प झालं. कित्येक महिन्यांनी नवा भांडवलदार मिळाला, त्यानंतर काम १९२६ च्या उन्हाळ्यापर्यंत चाललं. सहा चित्रपटांचा संकल्प पहिल्यातच निकालात निघाला होता. सेंट हेलेनावरच्या शेवटच्या भागाची पटकथा गान्सनं विकून टाकली आणि लुपू पिक या दिग्दर्शकानं तिच्यावर जर्मनीत वेगळा चित्रपट काढला.

आता प्रत्यक्ष पडद्यावर येऊ या. पहिलाच प्रसंग ब्रिएनच्या लष्करी शाळेतला आहे. मुलांची बर्फाच्या गोळ्यांची लढाई चालली आहे. एका बाजूला मोजकी मुलं, त्यांचा म्होरक्या कॉर्सिकाहून आलेला काटकुळा नेपोलियन. ही भूमिका व्लादिमीर रुदेंको या रशियन मुलानं केली आहे. समोरची मुलं गोळ्यांत दगड लपवतात. पोराच्या कपाळातून रक्त येतं, तो मागं हटत नाही.

हे दृश्य नीट पाहायचं तर त्या काळी कॅमेरा कसा चाले हे माहीत हवं. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा आणि छायालेखकानं एका हातानं दांडा फिरवत राहायचं, ही रीत. हात दांड्यात अडकलेला असल्यामुळं कॅमेऱ्याला चालता येत नसे. गान्स आणि त्याचा छायालेखक ज्यूल क्रूजे यांनी कॅमेऱ्याला स्वतंत्र चालना दिली, म्हणजे हात मोकळा झाला. मग तो कॅमेरा छातीला पट्ट्यांनी बांधून माणूस मुलांच्या गर्दीत शिरू शकला. कधी तो घसरगाडीवर ठेवला, पुढं कॉर्सिकातल्या पाठलागात घोड्याच्या पाठीवर बांधला. बर्फातल्या या लढाईत पडदा बघणाऱ्याच्या अंगावर येतो. गोळा कुणी मारला आणि कुणाला लागला हे कळायच्या आत पुढचा येतो. तुकडे लहान लहान होत जातात, शेवटी चेहरा, बर्फ, मूठ, चेहरा असं काहीतरी डोळ्यांवर आदळत राहतं आणि त्या सगळ्यावर रुदेंकोचा चेहरा अंधुकसा उमटून राहतो. लढाई जिंकल्यावर त्या मुलाच्या तोंडावर जे हसू येतं, ते मी पाहिलेल्या बालनटांच्या कामात अजोड मानतो.

त्यानंतर भूगोलाचा तास. मास्तर बेटांबद्दल शिकवतो आहे. कॉर्सिकाचा उल्लेख तुच्छतेनं होतो, मुलगा चिडतो. पुढं फळ्यावर एका लहानशा बेटाचं नाव येतं, सेंट हेलेना, आणि मुलगा त्याकडे एकटक पाहत राहतो. हा प्रसंग ढोबळ आहे हे मला मान्य आहे. गान्सला सूचकता फारशी जमत नव्हती. हातातलं प्रतीक तो तीनदा दाखवल्याशिवाय खाली ठेवत नाही. गरुड तर सगळ्या चित्रपटभर उडतोच आहे. पण ब्रिएनच्या वसतिगृहात उशांची मारामारी सुरू होते, पडद्याचे आधी चार आणि मग नऊ भाग होतात, नऊही भागांत पिसं उडत असतात, तेव्हा या माणसापाशी ढोबळपणाच्या पलीकडचं काही होतं याबद्दल शंका उरत नाही.

दुसरा प्रसंग, ज्याला ‘दुहेरी वादळ’ म्हणतात. कॉर्सिकातून जीव वाचवून निघालेला तरुण बोनापार्ट एका लहान होडीत बसतो. शीड नाही, म्हणून तिरंगी निशाणच डोलकाठीला बांधतो. समुद्र खवळतो. त्याच वेळी पॅरिसमध्ये राज्यक्रांतीच्या राष्ट्रीय सभेत मवाळ जिराँदी पक्षाचा पाडाव चालला आहे. गान्स या दोन्ही गोष्टी आलटून पालटून दाखवतो. मग सभागृहातला कॅमेरा छताखाली टांगलेल्या झुल्यावर चढतो आणि लोकांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे झोके घ्यायला लागतो. माणसांची ती गर्दी लाटांसारखी वर येते, खाली जाते. क्रांतीच्या सभेला समुद्र मानण्याची कल्पना व्हिक्टर ह्यूगोच्या ‘नाइंटी-थ्री’ कादंबरीत होती. तिला शब्दांतून काढून लोखंडी साखळ्यांवर टांगण्याचं काम गान्सनं केलं. प्रौढ बोनापार्टच्या भूमिकेत आल्बेर द्यूदोने आहे. क्रांतिकारक माराचं काम कवी-नाटककार आंतोनँ आर्तोनं केलं आहे. रोबस्पिएरचा निष्ठुर साथी सँ-ज्यूस्त स्वतः गान्सनं साकारला आहे.

शेवटाला येऊ. इटलीच्या फौजेचा सेनापती होऊन निघण्यापूर्वी बोनापार्ट रात्री एकटाच त्या सभागृहात जातो. सभागृह रिकामं आहे. मग एकेक करून क्रांतीतले मृत तिथं येतात, दाँताँ, मारा, रोबस्पिएर, सँ-ज्यूस्त. ते त्याच्याकडून वचन घेतात की तो क्रांती पुढं नेईल आणि युरोपातले लोक एक होतील. तो वचन देतो. त्यानंतर फाटक्या कपड्यांतली, उपाशी, बेशिस्त फौज दिसते आणि पडदा तिप्पट होतो.

या तिप्पट पडद्यासाठी आंद्रे देब्री या यंत्रनिर्मात्यानं तीन कॅमेरे एकावर एक बसवून दिले होते. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे रोखलेला. दाखवतानाही तीन प्रोजेक्टर एका लयीत चालवावे लागत. चित्र उंचीच्या चौपट रुंद. तीन चित्रांच्या सांध्यांवर रेषा दिसते, क्षितिज जरासं तुटतं, आणि मला ती रेषा खुपत नाही. गान्सनं या रुंदीचा उपयोग फक्त विस्तीर्ण मैदान दाखवायला केला नाही, हे माझ्या दृष्टीनं जास्त मोलाचं आहे. कधी मधल्या पडद्यावर बोनापार्टचा चेहरा आणि दोन्ही बाजूंना कूच करणारी फौज, कधी बाजूची दोन चित्रं आरशातल्यासारखी एकमेकांच्या उलट, कधी पत्नी जोसेफिनचा चेहरा आणि दोन्हीकडे नकाशा. शेवटी तीन पडदे निळा, पांढरा आणि लाल होतात. अमेरिकेतला तीन प्रोजेक्टरांचा सिनेरामा १९५२ चा. त्याच्या आधी पंचवीस वर्षं हे झालं होतं, आणि सिनेरामाला जे सुचलं नाही ते यात होतं. तीन पडद्यांवर तीन वेगळ्या गोष्टी दाखवून त्यांच्या मेळातून चौथी गोष्ट निर्माण करणं, हे ते.

आता या चित्रपटाचं स्वागत कसं झालं ते पाहू.

पॅरिसच्या समीक्षकांनी तंत्राची तोंडभरून स्तुती केली. विरोधकसुद्धा या बाबतीत मागं राहिले नाहीत, आणि म्हणूनच त्यांचा विरोध मला आदरानं घ्यावासा वाटतो. लेआँ म्युसिनाक हा कम्युनिस्टांच्या ‘ल्युमानिते’ वृत्तपत्राचा चित्रपट-समीक्षक. हा बोनापार्ट उमेदवारी करणाऱ्या फॅसिस्टांसाठी काढलेला आहे, असा त्याच्या टीकेचा आशय होता. लक्षात घ्या, १९२२ पासून इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. एमिल व्युलेर्मोझ हा संगीताचा आणि चित्रपटाचा जाणकार, गान्सच्या प्रतिभेचा चाहता. त्यालाही धास्ती वाटली की या गरुडाच्या आणि ढोलांच्या ओघात सामान्य माणूस वाहून जाईल आणि पुढच्या युद्धाला मनानं तयार होईल.

गान्सच्या बाजूनं उत्तर असं की हा सहांपैकी पहिला भाग आहे. इथं बोनापार्ट क्रांतीचा मुलगा आहे, तिला तो पुढं कसा विसरतो हे पुढच्या भागांत यायचं होतं. मृतांनी वचन घेतलं ते मोडलं जाण्यासाठीच. हे उत्तर मला अर्धंच पटतं. प्रेक्षकापुढं जे भाग आलेच नाहीत त्यांच्यावर बचाव उभा राहत नाही. थिएटरातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात तीन पडद्यांवरचा विजय असतो, सहाव्या भागातला पराभव नसतो. आणि गान्सचं तंत्र विचार करायला सवड देत नाही. तो लोकांना उठवून उभं करणारा दिग्दर्शक आहे. ऐतिहासिक चित्रपट संपल्यावर घोषणा देणारे प्रेक्षक आपण आजही पाहतो. थिएटरातल्या अंधारात इतिहासपुरुष मोठा होत जातो तेव्हा आपल्यात काय हलतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. म्युसिनाकचा प्रश्न म्हणून जुना झालेला नाही.

पण त्याच्या प्रश्नाला एक उत्तर चित्रपटातच आहे. ज्या चित्रपटाला राष्ट्रीय आरती म्हणून हिणवलं गेलं, त्याच चित्रपटात माराचा न्हाणीतला खून आहे आणि गिलोटीनला पाठवायच्या माणसांच्या कागदांचे ढीग आहेत. तिथल्या कचेरीत एक सामान्य कारकून बळी जाणाऱ्यांचे कागद चावून गिळतो आणि त्यांचे प्राण वाचवतो. हा प्रसंग गमतीचा म्हणून दाखवला आहे, आणि तरी तो अंगावर काटा आणतो. गान्स गर्दीवर जितकं प्रेम करतो तितकाच तिला घाबरतोही. हे सगळं मोठ्या आवृत्तीत दिसतं. कापलेल्या आवृत्त्यांत गर्दी आणि कारकून आधी गेले, गरुड राहिला. कात्री लागत गेली तसतसा चित्रपट म्युसिनाकच्या आरोपाला अधिकाधिक पात्र होत गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कात्री का लागली, याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. तीन प्रोजेक्टर, तीन चालक, तिप्पट पडदा, असा संच गावोगावच्या थिएटरमालकाला परवडणं शक्य नव्हतं. म्हणून सर्वांत आधी तिप्पट भाग गेला. नऊ तासांचा चित्रपट लावायचा तर आठवडे राखून ठेवावे लागणार. म्हणून तो भागाभागांत कापला गेला आणि प्रत्येक वितरकानं आपल्या सोयीनं भाग निवडले. अमेरिकेतले हक्क मेट्रो-गोल्डविन-मेयरनं मोठी रक्कम मोजून घेतले आणि चित्रपट इतका छाटला की कथानकाचे धागेच तुटले. शिवाय ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला होता. वर्षभरात लोकांना पडद्यावरून आवाज ऐकायची ओढ लागली. अशा वेळी तुकड्यातुकड्यांचा मूकपट तिकडे आपटला यात नवल नाही. अमेरिकन प्रेक्षकांनी गान्सला नाकारलं असं जे लिहिलं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. त्यांना गान्स दाखवलाच गेला नव्हता.

इथं गान्सलाही मोकळं सोडता येणार नाही. त्यानं स्वतः या चित्रपटाला कधी शांत बसू दिलं नाही. चित्रीकरणाच्या वेळी नटांकडून त्यानं संवाद खरोखर बोलून घेतले होते. त्यामुळं १९३५ मध्ये त्याच चित्रीकरणावर आवाज चढवून, नवी दृश्यं जोडून त्यानं बोलपट काढला. ‘आबेल गान्सनं पाहिलेला आणि ऐकलेला नेपोलियन बोनापार्ट’ अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. आवाज प्रेक्षागृहात वेगवेगळ्या दिशांनी यावा, अशी यंत्रणाही त्यानं देब्रीबरोबर केली होती. १९७१ मध्ये दिग्दर्शक क्लोद लेलूशच्या मदतीनं आणखी एक आवृत्ती निघाली, ‘बोनापार्त ए ला रेव्होल्यूशन’. दर वेळी जुन्या निगेटिव्हमधून तुकडे काढले गेले. चित्रपटात इतर ठिकाणी केलेले तीन पडद्यांचे भाग निराशेच्या भरात आपण नष्ट केले, असं तोच सांगत असे. कलावंताला आपल्या कामावर हक्क असतो हे मान्य करूनही मला हे बोचतं. १९२७ चा तो चित्रपट तोवर त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

तो परत मिळवून देण्याचं श्रेय एका शाळकरी मुलाला जातं. केव्हिन ब्राउनलो, जन्म १९३८ चा, इंग्लंडचा. घरी दाखवायच्या छोट्या प्रोजेक्टरसाठी त्या काळी पाथे कंपनीच्या साडेनऊ मिलिमीटर रुंदीच्या फिती मिळत. या फितीची भोकं कडेला नसतात, दोन चौकटींच्या मधोमध असतात. १९५४ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलाच्या हाती ‘नेपोलियन’ची दोन रिळं आली. घरच्या भिंतीएवढ्या जागेवर त्यानं ती पाहिली आणि थक्क झाला. उरलेली रिळं शोधण्यात त्यानं आयुष्य घातलं असं म्हटलं तरी चालेल. फ्रान्समधल्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात आंरी लांग्लोआ आणि मारी एप्स्टाइन यांनी जपलेला माल होता, इतर देशांच्या अभिलेखागारांत तुकडे होते, खाजगी संग्राहकांकडं काही होतं. ब्राउनलोनं एकेका दृश्याच्या उपलब्ध प्रती ताडून पाहिल्या, क्रम लावला. १९६८ मध्ये त्याचं ‘द परेड्स गॉन बाय’ हे मूकपटांवरचं पुस्तक आलं, तेही त्यानं गान्सला अर्पण केलं.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, टेल्युराइडच्या महोत्सवात ब्राउनलोनं जुळवलेली आवृत्ती उघड्यावर दाखवली गेली. तीन पडदे उभारले होते. गान्स तेव्हा ८९ वर्षांचा होता. डोंगरातल्या थंडीत, हॉटेलच्या खिडकीतून त्यानं तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला. नोव्हेंबर १९८० मध्ये लंडनला संगीतकार कार्ल डेव्हिसनं स्वतः रचलेल्या आणि जुळवलेल्या संगीतासह खेळ झाला. जानेवारी १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोलानं आणि त्याच्या वडिलांनी, कार्माइन कोपोलांनी, तो वाद्यवृंदासह सादर केला. गान्स आजारी होता, पॅरिसला होता. खेळ संपल्यावर प्रेक्षकांच्या टाळ्या त्याला टेलिफोनवरून ऐकवण्यात आल्या. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला तो गेला.

आणि इथंही, पुनर्जन्म झाल्यावरही, दोन ‘नेपोलियन’ झालेच. कोपोलांची आवृत्ती सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगानं चालवली होती, शिवाय काही भाग वगळले होते. ती चार तासांत संपायची. ब्राउनलोच्या आवृत्तीचा वेग बहुतांश वीस चौकटींचा, म्हणजे माणसं माणसांसारखी चालतात. हक्कांच्या गुंत्यामुळं डेव्हिसच्या संगीतासह मोठी आवृत्ती अमेरिकेत पाहायला २०१२ उजाडावं लागलं. तोवर एका पिढीच्या अमेरिकन रसिकांनी कोपोलांचा ‘नेपोलियन’ पाहून आपलं मत पक्कं केलं होतं.

डेव्हिसच्या संगीताबद्दल थोडं बोलायलाच हवं. मोझार्ट, हायडन आणि विशेषतः बीथोवन यांच्या रचना त्यानं वापरल्या, आणि बोनापार्टसाठी बीथोवनच्या ‘एरोइका’चे सूर निवडले. ही सिंफनी बीथोवननं आधी बोनापार्टच्याच नावानं योजली होती, आणि तो स्वतःला सम्राट म्हणवून घेतो आहे हे कळल्यावर १८०४ मध्ये त्याचं नाव काढून टाकलं. ही हकिगत माहीत असणाऱ्याला तीन पडद्यांवर विजय पाहताना खाली वाद्यवृंदातून त्या भंगलेल्या विश्वासाची आठवण येत राहते. गान्सच्या न झालेल्या पाच भागांचं काम डेव्हिसनं थोडंफार संगीतातून केलं, असं मला वाटतं. म्युसिनाकनं ही आवृत्ती ऐकली असती तर त्याचा लेख निराळा झाला असता का, हा विचार माझ्या मनात येतो.

त्यानंतरचं काम फ्रान्समध्ये झालं. २००८ पासून जॉर्ज मूरिए यांच्या नेतृत्वाखाली सिनेमातेक फ्राँसेजनं सगळे डबे पुन्हा उघडले. त्यात एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. ऑपेरातली छोटी आणि अपोलोतली मोठी, या दोन आवृत्त्या दोन वेगवेगळ्या निगेटिव्हवरून तयार झाल्या होत्या. दृश्य तेच, पण घेणारा कॅमेरा निराळा, कधी तुकडाही निराळा. आधीच्या पुनर्बांधणीत नकळत दोन्ही मिसळले गेले होते. त्यांना वेगळं करून जवळजवळ सव्वासात तासांची आवृत्ती सिद्ध झाली आणि जुलै २०२४ मध्ये दोन रात्री वाद्यवृंदासह दाखवली गेली. जागा होती सीन नदीतलं सेगँ बेट, बूलोन-बियाँकूर. ज्या बियाँकूरमध्ये १९२५ साली चित्रीकरण सुरू झालं होतं तेच. त्या काळी तिथल्या रेनो मोटार कारखान्यातल्या संपावर असलेल्या कामगारांना गान्सनं गर्दीच्या दृश्यांसाठी घेतलं होतं. पडद्यावर क्रांतीची घोषणा देणारे काही चेहरे खरोखरीच्या संपकऱ्यांचे आहेत.

हे सगळं ऐकताना कोल्हापूरकडं मन जाणं साहजिक आहे. गान्सचं हे काम चालू होतं त्याच सुमारास तिथं बाबूराव पेंटर महाराष्ट्र फिल्म कंपनीत ऐतिहासिक मूकपट करत होते. ह. ना. आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’वरून केलेला त्यांचा ‘सिंहगड’ १९२३ चा. त्यात स्वतः पेंटर शिवाजी महाराज झाले होते आणि तरुण शांतारामांनी शेलारमामा केला होता. आज त्याची प्रत आपल्यापाशी नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं तोवर मूकपटांच्या नायट्रेट फितींपैकी बहुतेक जळून, कुजून किंवा चांदी काढण्यासाठी विकल्या जाऊन संपल्या होत्या. ‘सिंहगड’विषयी आपण जे बोलतो ते आठवणींच्या आणि जाहिरातींच्या आधारानं. गान्सच्या चित्रपटाबद्दल निदान भांडता तरी येतं.

आता शेवटचं, आणि अगदी कामाचं. तुमच्यापैकी ज्यांना हा चित्रपट पाहायचा असेल त्यांनी मोठी आवृत्ती धरावी, ब्राउनलोंची किंवा मूरिए यांची, आणि एका बैठकीत संपवण्याचा हट्ट धरू नये. गान्सनं अपोलोतही दोन दिवस घेतले होते. घरच्या दूरचित्रवाणीवर शेवटचा तिप्पट भाग पट्टीसारखा अरुंद होतो आणि त्याचा सगळा जोर जातो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं २०१६ मध्ये ब्राउनलोंची आवृत्ती बाजारात आणली, तिच्यात तीन पडद्यांची तीन चित्रं स्वतंत्रपणेही दिलेली आहेत. आपल्या शहरातल्या फिल्म सोसायटीनं तीन प्रोजेक्टर मिळवून, परवानगी घेऊन, ती एकाच वेळी सुरू करून पाहावीत, अशी माझी इथल्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. सांधे जुळणार नाहीत, एखादा पडदा अर्धा सेकंद मागं राहील. १९२७ मध्येही ते पूर्णपणे जुळत नसत. जागा मिळाली तर यंत्रं जुळवायला मी स्वतः येईन.